नवऱ्याची गाडी बंद झाली आणि घरात बोलणंच बंद झालंय

ओवी_नाशिक
बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितेय कारण काल रात्री नवरा मला म्हणाला, "तू बायको आहेस का वॉचमन?" आणि उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेला. लग्नाला १९ वर्षं झाली, पाहुणे आल्याशिवाय तो कधी हॉलमध्ये झोपलेला नाही.

जरा मागून सांगते. आम्ही नाशिकला, इंदिरानगरच्या बाजूला राहतो. नवरा ४५ वर्षांचा, सिन्नरला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. जानेवारीत नाइट शिफ्ट करून आला, तासभर झोपला आणि झोपेतच त्याला फिट आली. मी शेजारीच होते. आधी वाटलं स्वप्न पडलंय, मग बघते तर दात घट्ट आवळलेले, अंग झटके देतंय, तोंडातून फेस आणि त्यात रक्त, जीभ चावली गेली होती. दीड-दोन मिनिटंच असेल पण मला ती अजून संपलेली नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले एकदाच झालीय, बघू. मार्चमध्ये कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर दुसरी आली. मग एमआरआय, ईईजी सगळं झालं, मेंदूत एक छोटासा जुना डाग निघाला, कृमीच्या गाठीचा, ती गाठ वाळून कॅल्शियम धरलेली. सासूबाईंना ते आजही पटत नाही, आमच्याकडे माळ आहे, मटण-अंड्याचा संबंध नाही, मग कृमी कुठून. डॉक्टरांनी सांगितलं की नीट न धुतलेल्या पालेभाजीतून, पाण्यातून सुद्धा अंडी जातात. असो. गोळ्या सुरू झाल्या, नाइट बंद झाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की गाडी चालवायची नाही. दुचाकी तर अजिबातच नाही.

आता ज्यांना आमचं घर माहीत नाही त्यांना हे शेवटचं वाक्य लहान वाटेल. या माणसाने आयुष्यभर सगळ्यांना नेलंय आणलंय. सासूबाईंना दर चैत्रात वणीच्या गडावर तोच नेणार, बिल्डिंगमध्ये कोणाला रात्री दोनला दवाखान्यात न्यायचं झालं तर बेल आमचीच वाजणार. कंपनीतले तिघं त्याच्याच गाडीतून जायचे, पेट्रोल वाटून. आता तो पहाटे उठून पाथर्डी फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा असतो आणि ते तिघं दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीतून त्याच्यासमोरून जातात, हात करतात. हे त्याने मला सांगितलं नाही, त्यातल्या एकाच्या बायकोने सांगितलं.

मी स्कूटर चालवायचेच, आता क्लास लावून कारही शिकले. तो बाजूला बसतो आणि मी जरा स्पीड घेतला की उजवा पाय मॅटवर दाबतो, जणू तिथे ब्रेक आहे. मॅट गोळा होऊन पुढे सरकते. द्वारका सर्कलला एकदा माझी गाडी बंद पडली, मागून हॉर्न, तो काहीच बोलला नाही, खिडकीतून बाहेर बघत बसला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं असं वाटलं मला.

मे महिन्यात एका दुपारी तो बुलेट घेऊन एक चक्कर मारून आला. त्या दिवसापासून बुलेट आणि कारची चावी मी तांदळाच्या डब्यात ठेवते. त्याला माहीत आहे. तो कधी काढत नाही, पण जेवायला बसला की त्या डब्याकडे बघतो.

गेल्या गुरुवारी मी ऑफिसमध्ये अडकले, लेकीचा कॉलेज रोडचा क्लास साडेआठला सुटतो, धो धो पाऊस. रिक्षा मिळेना म्हणून तिने बाबाला फोन केला. त्याने ड्रॉवरमधून स्कूटरची चावी घेतली आणि तिला घेऊन आला. मी घरी पोचले तेव्हा दोघं दारातच, ओलेचिंब, आणि तो इतके महिन्यांनी हसत होता हो. "आणली की नाही लेकीला?" आणि मी तिथेच त्याच्यावर ओरडले. लेकीसमोर. तिला मारून टाकशील म्हणाले. ती रडायला लागली. त्यानंतर आमच्यात मीठ-भाजी एवढंच बोलणं आहे, आणि कालचं ते वॉचमनचं वाक्य.

वर जूनमध्ये त्याचं लायसन्स एक्स्पायर झालंय. एजंट म्हणतो काळजी करू नका, चाळिशीच्या पुढे मेडिकल लागतं ते मी बघून घेतो, तुम्ही फक्त सही करा. नवऱ्याचं म्हणणं, मार्चपासून एकही फिट नाही, मग सही करायला काय हरकत आहे. सासूबाई म्हणतात लायसन्स नाही केलं तर लोक विचारतील, उद्या पोरीचं लग्न व्हायचंय. आणि मला म्हणतात, तूच त्याला घरात बसवलंस.

मला चावी लपवायची नाहीये. मला माझा नवरा परत हवाय. पण ते झटके बघितल्यावर मी ती चावी त्याच्या हातात कशी देऊ? कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

केळफूल
ओवी, वाचताना घशात आलं. सल्ला द्यायची माझी लायकी नाही, पण लेकीसमोर ओरडलीस म्हणून स्वतःला खाऊ नकोस. त्या क्षणी कोणतीही आई ओरडली असती. लेकीशी मात्र वेगळं बोल, फोन तिने केला होता, तिच्या डोक्यात ते बसलं असेल.

साधामाणूस
राग मानू नका पण मी दुसरी बाजू मांडतो. सहा महिने फिट नाही, गोळ्या व्यवस्थित चालू आहेत, माणूस २०-२५ वर्षं गाडी चालवतोय. आपल्याकडे बीपीवाले, शुगरवाले, एका डोळ्याने दिसत नाही ते सगळे चालवतात. पुरुषाच्या हातातून गाडी काढून घेणं म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळणार ताई. हायवे नको, रात्री नको, पण घराजवळ भाजी आणायला तरी जाऊ द्या. एजंटकडून लायसन्स रिन्यू करून ठेवा, वापरायचं की नाही ते नंतर ठरवा. चावी लपवणं हा अपमान आहे, त्याने माणूस अजून बिघडतो.

रानजाई
साधामाणूस, तुमचं शेवटचं वाक्य मला पटलं आणि बाकी एकही नाही. माझ्या चुलत बहिणीचे मिस्टर असेच, आठ महिने काही नव्हतं. घराजवळच, भाजी आणायलाच निघाले होते. सिग्नलला थांबले होते, तिथेच फिट आली, पाय ॲक्सिलरेटरवर कडक झाला आणि गाडी समोरच्या चहाच्या टपरीत घुसली. टपरीवाला पाणी आणायला मागे गेला होता म्हणून वाचला, त्याची किटली बॉनेटखाली चेपून पोळीसारखी झाली होती. ती किटली माझ्या बहिणीने डोळ्याने बघितलीय. भाजी आणणं आणि हायवे यात फिट फरक करत नाही. घराजवळच तर पोरं रस्त्यावर खेळत असतात.

ओवी, तू बरोबर आहेस. डबा बदल पाहिजे तर, चावी देऊ नकोस.

वकिली_काका
कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण एजंट लोक हे कधीच सांगत नाहीत.

लायसन्ससाठी जो फॉर्म १ भरतो, ज्यात आपण स्वतः तब्येतीचं डिक्लेरेशन देतो, त्यात पहिलाच प्रश्न हा आहे की तुम्हाला एपिलेप्सी किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा, चक्कर येण्याचा त्रास आहे का. तिथे "नाही" लिहून सही मिस्टरांची होणार, एजंटची नाही. फॉर्म १-ए म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट, ते एजंट "बघून घेईल" याचा अर्थ ज्याने तपासलंच नाही अशा डॉक्टरचा शिक्का. उद्या काही झालं तर हॉस्पिटलची फाइल आणि हा फॉर्म एकमेकांसमोर ठेवले जातात आणि मग इन्शुरन्स कंपनीशी भांडायला तोंड राहत नाही.

दुसरं, लायसन्स एक्स्पायर असताना चालवणं म्हणजे विनालायसन्सच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पूर्वीचे ३० दिवस सवलतीचे उरलेले नाहीत. कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. स्कूटर कोणाच्या नावावर आहे? तुमच्या असेल तर लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू दिली म्हणून कलम १८० तुम्हालाही लागू शकतं.

एक वर्षाच्या आत रिन्यू केलं नाही तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते, यापलीकडे त्या तारखेत काही नाही. "आता गेलं तर कायमचं गेलं" अशी जी भीती एजंट घालतात ती खरी नाही. तुमच्या बाबतीत खरा प्रश्न तारखेचा नाहीच, त्या फॉर्ममधल्या पहिल्या ओळीचा आहे.

आणि सासूबाईंना एक सांगा. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी एपिलेप्सीचा उल्लेख होता, १९९९ मध्ये तो काढून टाकलाय. आता कायद्याने एपिलेप्सी असलेल्या माणसाच्या स्वतःच्या लग्नालाही ती अडचण नाही. मग बापाला आहे म्हणून मुलीचं लग्न अडायचा प्रश्नच कुठे येतो.

ओवी_नाशिक
स्कूटर माझ्याच नावावर आहे काका. हे मला माहीतच नव्हतं. आणि १९९९ चं वाक्य मी जसंच्या तसं सासूबाईंना वाचून दाखवणार आहे.

साधामाणूस, तुमचा राग नाही आला. तुम्ही जे लिहिलंय तेच तो मनात म्हणत असेल, निदान मला ते ऐकायला तरी मिळालं.

थेम्सकाठी
आम्ही गेली ११ वर्षं यूकेत आहोत. माझ्या दिरांना तीन वर्षांपूर्वी झालं हे. इथे फिट आली की स्वतःहून डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याला, कळवावं लागतं, लायसन्स परत द्यायचं, एपिलेप्सी असेल तर साधारण १२ महिने एकही फिट नाही असं झालं की कारचं परत मिळू शकतं. आणि मेडिकल कारणाने लायसन्स नाकारलेल्या माणसाला बसचा फ्री पास मिळतो. दिरांनी तो पास पहिले चार महिने पाकिटातून बाहेर काढला नाही, तिकीट काढून जायचे.

मला वाटतं १२ महिने ही तारीख असणं फार मोठी गोष्ट आहे. ते कॅलेंडरवर फुली मारायचे. जाऊबाईंना पोलीस व्हावं लागलं नाही कारण "नाही" म्हणणारं दुसरं कोणीतरी होतं. आपल्याकडे इतके महिने फिट नसेल तर चालवा अशी तरतूदच नाही ना? मग घरातलंच कोणीतरी "नाही" म्हणणारं होतं, आणि ती बायकोच होते.

वकिली_काका
बरोबर. आपल्याकडे तसा कालावधी कायद्यात दिलेला नाही. आजार असेल तर नाही, एवढंच. न्यूरॉलॉजिस्ट मंडळी बरीच वर्षं म्हणतायत की यात बदल हवा.

एकटा_पांथस्थ
मी इथे सहसा फक्त वाचतो. मला एपिलेप्सी आहे, १३ वर्षं झाली. म्हणून तुमच्या मिस्टरांच्या जागेवरून लिहितो.

पहिली गोष्ट, त्यांना फिट आठवत नाही. हे तुम्ही लक्षात घ्या. तुम्ही ती दोन मिनिटं बघितलीत, त्यांच्यासाठी ती दोन मिनिटं नाहीतच. मी झोपलो आणि उठलो तर जीभ दुखतेय, अंग ठणकतंय आणि सगळे माझ्याकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतायत, एवढंच मला माहीत होतं. माझी बायको जिवाच्या आकांताने सांगायची आणि मला वाटायचं ही वाढवून सांगतेय. शेवटी दुसऱ्या वेळी माझ्या मेव्हण्याने मोबाइलवर शूट केलं, डॉक्टरांना दाखवायला म्हणून, आणि मी तो व्हिडिओ एकट्याने बघितला. त्या रात्री मी माझ्या हाताने चावी बायकोला दिली. मी असं म्हणत नाही की मिस्टरांना व्हिडिओ दाखवा, तो असेलही नसेलही, आणि प्रत्येकाला ते सोसेल असं नाही. पण ते तुम्हाला खोटं ठरवत नाहीयेत, त्यांना फक्त दिसलेलं नाही.

दुसरी गोष्ट. गाडी गेली याचं दुःख कमी आणि मागावं लागतं याचं जास्त असतं. मला सोड, मला आण, थांबशील का, येताना घेशील का. दिवसातून दहा वेळा. मी केस कापायला जायचं बंद केलं होतं, का तर बायकोला सांगावं लागेल. दाढी वाढली, लोकांना वाटलं मी वैरागी झालो. तेव्हा बायकोने एक केलं, बहुतेक तिलाही माहीत नव्हतं ती काय करतेय. तिने विचारणंच बंद केलं. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता ती गाडी घेऊन खाली उभी राहायची. कुठे जायचं ते मी ठरवायचं. नसेल जायचं तर ती भाजी घेऊन परत यायची. तो माझा मंगळवार होता, मागायचा नव्हता.

आणि बस. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली की मी १३ वर्षं झाली पुस्तकं वाचतोय. पण हे त्यांना आत्ता सांगू नका, आत्ता राग येईल.

पुण्यात संवेदना म्हणून एपिलेप्सीचा सपोर्ट ग्रुप आहे, मला तिथे पहिल्यांदा असं वाटलं की ही खोली भरून माझ्यासारखी माणसं आहेत. नाशिकहून येणं शक्य असेल तर दोघंही या.

ओवी_नाशिक
पांथस्थ, तुमची पोस्ट मी ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन वाचली, बाहेर डोळे पुसत बसता येईना. त्याला आठवत नाही हे मला माहीत होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण त्याचा अर्थ आज कळला. मी सहा महिने त्याच्याशी अशा गोष्टीवरून भांडतेय जी फक्त मी बघितलीय.

त्याने पण केस कापलेले नाहीत. मी कालच म्हणाले होते, काय अवतार करून ठेवलायस.

कडुलिंब
मी फिजिशियन आहे, न्यूरॉलॉजिस्ट नाही, त्यामुळे हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलायचे मुद्दे म्हणून घ्या.

ओवी, गोळी कोणती आहे? लेव्हेटिरासिटाम असेल तर एक महत्त्वाचं. चांगलं औषध आहे, खूप वापरलं जातं, पण काही लोकांमध्ये त्याने चिडचिड, तुटक वागणं, उदास वाटणं होतं. घरचे म्हणतात "स्वभावच बदलला". पेशंटला स्वतःला कळत नाही आणि डॉक्टर विचारतात "फिट आली का", उत्तर "नाही", भेट संपली. हे कोणी बोलतच नाही. तुम्ही तारखा लिहून ठेवा, गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, चिडचिड कधीपासून. डॉक्टर डोस कमी-जास्त करू शकतात किंवा दुसरं औषध देऊ शकतात. पण आपल्या मनाने गोळी एक दिवसही बंद करायची नाही. अचानक बंद केली तर फिट येण्याचा धोका सगळ्यात जास्त, आणि एकामागून एक येत राहिल्या तर जिवावर बेततं.

"सहा महिने काही नाही" हे गोळीमुळे आणि नाइट बंद झाल्यामुळे आहे. झोप मोडणं हे फिट यायचं मोठं कारण. ज्या दिवशी झोप कमी, गोळी चुकली, किंवा ताप आहे, त्या दिवशी धोका वाढतो.

मेंटेनन्सला आहेत म्हणालात तर उंचीवर चढणं, फिरत्या मशीनजवळ एकट्याने काम, हे सुद्धा डॉक्टरांना विचारा. घरात बाथरूमला आतून कडी नको, नुसतं दार लोटलेलं चालेल. आणि लेकीला शिकवून ठेवा: फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, घड्याळ बघायचं, तोंडात चमचा-बोट काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ हॉस्पिटल. तिला माहीत असेल तर तिची भीती अर्धी होईल.

शेवटचं. "गाडी नको" हे डॉक्टरांनी त्यांना, त्यांच्याकडे बघून, सांगायला हवं. तुम्ही निरोप्या होऊ नका. पुढच्या भेटीला आधीच सांगून ठेवा की दहा मिनिटं ते एकटे बोलतील.

ओवी_नाशिक
हीच गोळी आहे. एप्रिलच्या शेवटी डोस वाढवला होता. बुलेटची चक्कर मे मध्ये. मी आत्ता फाइल काढून बसलेय.

माईआत्या
मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठी, ७१. तुझ्या सासूबाईंच्या बाजूने दोन शब्द लिहू का. रागावू नको गं.

त्या "तूच घरात बसवलंस" म्हणतात ते वाईटच आहे. पण आमच्या पिढीत आकडी म्हणजे काय बघितलंय ते तुम्हाला नाही माहीत. माझ्या माहेरी शेजारी एक मुलगी होती, आकडी यायची, तिला अंगणातल्या खोलीत ठेवायचे, लग्नकार्यात बाहेर काढत नसत. मांत्रिक, गंडे, सगळं झालं. ती विहिरीवर पाणी काढताना गेली. तुझ्या सासूबाईंना लेकाच्या बाजूला ती खोली दिसत असेल. म्हणून त्या म्हणतात कोणाला कळू देऊ नका, लायसन्स असू दे, सगळं पहिल्यासारखं दिसू दे.

त्यांनाही डॉक्टरकडे घेऊन जा. तू सांगू नको, डॉक्टर सांगतील. आणि वणीच्या गडाला या वर्षी तू घेऊन जा त्यांना, एकटीने. मला वाटतं तुझ्या हातात गाडी बघून त्यांचा धीर वाढेल.

साधामाणूस
रानजाई यांची किटलीची गोष्ट वाचून झोप लागली नाही. मी जे लिहिलं ते मागे घेतो. माझा भाऊ शुगरचा आहे, इन्सुलिनवर, दोनदा गाडीत चक्कर आली होती आणि आम्ही कोणी काही बोललो नाही. आज बोललो. चिडला. पण बोललो.

ओवीताई, एक विचारू? बुलेटचं काय करणार? विकू नका लगेच.

ओवी_नाशिक
विकणार नाही. तो दर रविवारी ती पार्किंगमध्ये दहा मिनिटं चालू करतो, बॅटरी उतरू नये म्हणून. स्टॅंडवर उभी करूनच. मी त्या वेळेला चावी काढून देते आणि मग परत डब्यात. ती दहा मिनिटं मी गॅलरीत उभी राहून बघते आणि त्याला माहीत असतं मी बघतेय. हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

केळफूल
रविवारी गॅलरीत उभी राहू नकोस ना. खाली जाऊन त्याच्याजवळ उभी राहा.

ओवी_नाशिक (तीन आठवड्यांनी)
धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं.

डॉक्टरकडे आम्ही तिघं गेलो, सासूबाई पण. मी आधी फोन करून तारखा सांगितल्या होत्या. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेर बसवलं. दहा मिनिटांची वीस झाली. सासूबाई बाहेर बसल्या बसल्या भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत होत्या आणि अचानक मला म्हणाल्या, "आमच्या गावी एक होता गं," आणि मग बराच वेळ सांगत राहिल्या. माईआत्या, तुम्ही लिहिलेलं अगदी तसंच होतं. त्यांचा सख्खा मामा. हे नवऱ्याला पण माहीत नव्हतं.

आत काय बोलणं झालं ते त्याने सगळं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गोळी हळूहळू बदलतायत, एक कमी करत दुसरी वाढवत, त्याला वेळ लागेल म्हणाले. गाडी नाही, हे त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं. घरी येताना गाडीत तो एकच म्हणाला, "मला वाटायचं मी चिडका झालोय." मी गाडी चालवत होते म्हणून बरं, समोर बघता आलं.

त्या रात्री मी डब्यातून चाव्या काढल्या आणि दाराजवळच्या खिळ्यावर परत लावल्या, पूर्वी असायच्या तिथे. त्याच्यासमोर. सोपं नव्हतं. पहिले चार दिवस मी रात्री उठून बघून यायचे. रानजाई, तू रागावशील मला माहीत आहे. पण त्याने त्या रात्री स्वतःहून सांगितलं, की नाही घेणार, आणि मला ते ऐकून विश्वास ठेवावासा वाटला. स्कूटरच्या बाबतीत मी अजून घाबरते हेही त्याला सांगितलं. तो म्हणाला, ती तू ऑफिसला घेऊन जा रोज. मग तीच नेते.

एजंटला त्यानेच फोन करून नको सांगितलं. फॉर्म आरसी बुकच्या फाइलमध्ये तसाच कोरा आहे.

दसऱ्याला त्याने दोन्ही गाड्या धुतल्या, हार घातले, बुलेटच्या टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दरवर्षी पूजा झाली की तो सासूबाईंना पुढे बसवून फेरी मारून आणतो. या वेळी सासूबाई सवयीने पुढे जाऊन बसल्या, मी स्टिअरिंगवर, आणि तो क्षणभर दारापाशी उभा राहिला आणि मागे लेकीच्या शेजारी जाऊन बसला. १९ वर्षांत मी त्याला आमच्या गाडीत मागे बसलेला बघितलं नव्हतं. आरशात दिसत होता. पाथर्डी फाट्याला मागून आवाज आला, "आधी इंडिकेटर, मग वळण." लेक हसली. तोही थोडा हसला. रात्री मात्र परत गप्प होता, जेवला नाही नीट. असे दिवस अजून येतात.

शनिवार संध्याकाळ आमची ठरलीय. पांथस्थ, तुमच्याकडूनच चोरली. पहिल्या शनिवारी तो खाली आलाच नाही, मी भाजी घेऊन परत आले. दुसऱ्या शनिवारी आला आणि म्हणाला सलूनला सोड.

एकटा_पांथस्थ
वाचलं. दोनदा वाचलं. गोळी बदलतायत त्या दिवसांत जपा, झोप अजिबात मोडू देऊ नका. गोळीसाठी वारांची डबी मिळते, सकाळ-रात्रीच्या वेगळ्या कप्प्यांची, ती घ्या. म्हणजे "घेतलीस का" हे विचारावं लागत नाही, तेही एक मागणंच असतं उलट्या बाजूने.

ओवी_नाशिक
डबी आणली, फ्रिजवर ठेवलीय. भरतो तोच, रविवारी बुलेट चालू करून झाल्यावर. आज सकाळी तो बसला गेल्यावर बघितलं, बुधवारचा सकाळचा कप्पा रिकामा होता. मी विचारलं नव्हतं.